कर्करोग आणि आयुर्वेद-योग : संशोधनाला सरकारी पैसा द्यावा का?

कण्हेर
आत्याला स्तनाचा कर्करोग होता. दुसऱ्या केमोनंतर तिची चादर बदलताना उशीखाली स्टीलची डबी सापडली, आत राखाडी पूड. कुणीतरी ओळखीतून दिलेली. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, "रागावतील" म्हणून. त्याच आठवड्यात लिव्हरचे आकडे वाढले आणि पुढची केमो लांबली. पुडीमुळे की केमोमुळे, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. लोक हे घेतातच, घरोघरी घेतात. मग त्याची कडक चाचणी का नको? टाटा मेमोरियलने ८५० स्तन-कर्करोग रुग्णांवर योगाची चाचणी केली, २०२२ मध्ये निष्कर्षही मांडले. असं काम वाढायला हवं.

परखड
ठाम विरोध. 'इंटिग्रेटिव्ह', म्हणजे नेहमीच्या उपचारांना आयुर्वेद-योगाची जोड, ही पाटी लागली की पूड विकणाऱ्याला दुकान थाटायला जागा मिळते. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा: बरा होण्याजोगा कर्करोग असूनही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ रुग्ण, मृत्यूचा धोका अडीच पट. स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त. कर्करोगावर उपाय म्हणून व्हिटॅमिन सीचंही तेच. लायनस पॉलिंगसारख्या नोबेल विजेत्या रसायनशास्त्रज्ञाने उचलून धरलं, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने १९७९ आणि १९८५ मध्ये गोळ्या देऊन तपासलं, फायदा शून्य. विक्री थांबली का?

कण्हेर
थांबली नाही, पण निदान डॉक्टरला छातीठोकपणे "उपयोग नाही" म्हणता येतं. आत्याच्या डॉक्टरांकडे त्या पुडीबद्दल असं काहीच नव्हतं. आणि कधी कधी हाती सोनंही लागतं. सदाफुली लोक मधुमेहावर घेत, म्हणून कॅनडात नोबल आणि बीअर हे संशोधक तिच्यावर काम करत होते. उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या आणि त्यातून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगाचं औषध आलं. मग त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही देतात.

परखड
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! झाडातून एक रेणू वेगळा काढला, मात्रा ठरवली, शिरेतून दिला. हे साधं औषधशास्त्र आहे, त्याला वेगळं नाव कशाला? अंगणातली सदाफुली चावून कुणाचा ल्युकेमिया गेलेला नाही.

वॉर्डातली
मी कर्करोगाच्या वॉर्डात परिचारिका आहे. नाव काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, मला रोज दिसतं ते सांगते. "घरचं काही चालू आहे का?" असं विचारलं तर "नाही" म्हणतात. "काढा कोणता घेता, मावशी?" असं विचारलं की पिशवीतून बाटली निघते. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्यांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलंय. म्हणून मला आधी अपाय तपासलेला हवाय: कोणती वनस्पती कोणत्या केमोबरोबर चालत नाही, एवढी यादी जरी हातात आली तरी पुष्कळ.

परखड
अपाय शोधायला पैसा द्या, माझी ना नाही. पण उत्पादकाचा रुपयाही त्यात नको, आणि निकाल उलटा आला तरी छापलाच पाहिजे. शिवाय रेडिएशन मशीनच्या पैशाला हात लावायचा नाही. त्या उपचारासाठी दूरच्या गावाहून येणारा माणूस महिनाभर मुंबईत फुटपाथवर काढतो.

कण्हेर
पैशाच्या आणि छापण्याच्या अटी मान्य. पण फक्त अपायावर थांबायला मी तयार नाही. केमोनंतर आत्याला रात्र-रात्र झोप नसायची, पाय बधिर पडायचे. त्यावर योगाने किंवा आणखी कशाने आराम पडतो का, हेही शोधायला हवं.