पेशी ओळखू आली की चित्र अमूर्त राहत नाही? (टेरी विंटर्स)

स्लाइडवाली: काल अमेरिकन चित्रकार टेरी विंटर्सच्या चित्रांवर 'चिकित्सक' यांची पिंक: "बारावीची बायॉलॉजीची जर्नल मोठी करून टांगलीये. हे म्हणे अमूर्त!" रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून वेगळा धागा.

१८ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलीत. तुमच्या जर्नलमधली 'खरी' पेशी आमच्याकडे येते तेव्हा फॉर्मॅलिनमध्ये मेलेली असते. मेणात बसवून तिचा चारेक मायक्रॉनचा काप काढतो. गुलाबी-जांभळा रंग आम्ही चढवतो, नाहीतर काप जवळजवळ पारदर्शक. आता विंटर्सचे १९८३-८४ चे 'मोरूला' लिथोग्राफ (दगडी छापाची चित्रं) बघा. मोरूला म्हणजे गर्भ सोळा-बत्तीस पेशींचा गोळा असतो ती अवस्था. लॅटिनमध्ये छोटी तुती. तिथे गोळे एकमेकांना रेटतायत. माझ्या एकाही स्लाइडमध्ये काही हलत नाही.

चिकित्सक: म्हणजे मोरूला ओळखू येते. मग अमूर्त कसलं? अमूर्त बघायचं तर आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे. ते तर 'अमूर्त' हा शब्दही घ्यायचे नाहीत.

संत्रानगरी: गायतोंडे नागपुरात जन्मले, १९२४. मुंबईवाले हे सोयीने विसरतात.

गिरगावकर: जन्मले हो, पण वाढले गिरगावच्या चाळीत, शिकले जे.जे.त. संत्री खाऊन कॅनव्हासवर रंगाचा रोलर फिरवायला शिकले नाहीत.

म्हापशेकार: आईवडील गोव्याचे, ते दोघांनीही गिळलं.

संत्रानगरी: नागपूर म्हटलं की लगेच संत्री! आयुष्यभर हेच ऐकतोय. २०२१ ला लिलावात त्यांच्या एका चित्राला ३९ कोटी ९८ लाख आले, तेव्हा सगळ्यांना ते 'आपले' आठवले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात प्रदर्शन लागलं तेही २०१४ ला, माणूस गेल्यावर तेरा वर्षांनी.

गिरगावकर: पद्मश्री १९७१ ची आहे, जिवंतपणीची. आणि १९७२ पासून राहिले दिल्लीत. घ्या, दिल्लीलाच देऊन टाका!

स्लाइडवाली: धागा विंटर्सचा आहे. हलण्याबद्दल बोलत होते मी. २००० साली ट्रिशा ब्राउनच्या 'एल ट्रिलॉजी' या नृत्यरचनेचं नेपथ्य आणि कपडे त्याने केले. नाचणाऱ्यांसाठी जर्नल फाडून दिली असेल, नाही का?

चिकित्सक: टोमणा पोचला. आता माझंही ऐका. अकरावीत अमीबा 'वाकडा' काढला म्हणून बाईंनी माझी जर्नल तीनदा परत केली. वाटी उलटी ठेवून गोल काढला, तेव्हा कुठे सही मिळाली. म्हणून ओघळलेल्या पेशीला कोणी कला म्हटलं की डोकं फिरतं.

स्लाइडवाली: अमीबा गोल?? अहो, तो पुढे सरकतोच मुळी वाकडा होऊन. तुमचा पहिला बरोबर होता.

चिकित्सक: हे ३० वर्षांनी सांगताय. बरं, नाचाचं बघतो. पण 'मोरूला'ला मी जर्नलच म्हणणार. फार तर सही देतो.