मदत हवी आहे : हायस्कूल संपल्यावर थीम पार्कमध्ये हंगामी नोकरी – कोणत्या विभागात काम मागून घ्यावे?

नमस्कार.

आम्ही मध्य न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. आमची मुलगी यंदा जूनमध्ये हायस्कूल पूर्ण करत आहे. तिला नुकतेच अठरावे वर्ष पूर्ण झाले असून सप्टेंबरपासून ती मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी रटगर्स विद्यापीठात जाणार आहे. मधल्या सुट्टीत जॅक्सन येथील सिक्स फ्लॅग्स ग्रेट ॲडव्हेंचरमध्ये हंगामी नोकरीसाठी अर्ज करायचे तिने ठरवले आहे. ज्यांच्या मुलांनी अशा पार्कमध्ये काम केले आहे, किंवा ज्यांनी स्वतः केले आहे, त्यांच्याकडून मला मार्गदर्शन हवे आहे.

अशा पार्कमध्ये कामाचे विभाग पुष्कळ असतात. राइड्स चालवणे, खाण्याचे स्टॉल, खेळांचे स्टॉल, भेटवस्तूंची दुकाने, प्रवेशद्वार व पार्किंग, स्वच्छता आणि वॉटर पार्कमधील जीवरक्षक, अशी साधारण विभागणी आहे. मुलीला राइड्सच हव्या आहेत, आणि ही हौस काही आजची नाही. ग्रेट ॲडव्हेंचरमधील 456 फूट उंचीची किंगडा का ही राइड फेब्रुवारी 2025 मध्ये सुरुंग लावून पाडली, तेव्हा तिने त्याची चित्रफीत कितीतरी वेळा पाहिली, आणि मग साडेतीन सेकंदांत ताशी 128 मैलांचा वेग गाठून देणारी तिची हायड्रॉलिक यंत्रणा कशी चालत असे हे आम्हा सर्वांना जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन समजावून सांगितले. सासूबाईंना मात्र हे मुळीच पटलेले नाही. इंजिनिअर व्हायला निघालेल्या मुलीने जत्रेतल्या पाळण्यापाशी दिवसभर उभे राहायचे, हे त्यांना कमीपणाचे वाटते. मला त्यात कमीपणा वाटत नाही, पण काळजी वाटते. अठरा वर्षांच्या मुलीच्या हाती एका वेळी वीस-तीस माणसांची सुरक्षितता द्यायची, तर तिला कोणते प्रशिक्षण देतात, तिच्यावर देखरेख कोण करते आणि काही बिघडल्यास जबाबदारी कोणाची, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

दुसरा विचार जीवरक्षकाच्या कामाचा आहे. ती शाळेच्या पोहण्याच्या संघात होती, त्यामुळे तिथे निवड होण्यास अडचण येऊ नये. या दोन्हींपैकी कोणते काम अंगावर अधिक येते?

तिसरी गोष्ट, तिच्या एका मैत्रिणीने डिस्ने कॉलेज प्रोग्रॅमचे नाव काढले आहे. कॉलेजचे पहिले सत्र पुढे ढकलून फ्लोरिडाला जायचे, तिथेच राहायचे आणि काम करायचे, अशी कल्पना आहे. हायस्कूल नुकतेच संपवलेल्या मुलीला हे शक्य आहे का, आणि शक्य असले तरी योग्य आहे का?

शेवटचा प्रश्न जाण्यायेण्याचा. पार्क रात्री उशिरा बंद होते. तिच्याकडे सध्या प्रोबेशनरी, म्हणजे नव्या चालकांना काही बंधनांसह मिळणारा, परवाना आहे, आणि त्यावर रात्री अकरानंतर गाडी चालवता येत नाही असे मला माहीत आहे. अशा वेळी इतर पालक काय करतात?

आपल्या अनुभवाचा फार उपयोग होईल. आगाऊ आभार.

प्रतिसाद, पेनसिल्व्हेनियाहून

ताई, माझी थोरली मुलगी इथल्या एका पार्कमध्ये सलग दोन उन्हाळे राइड्सवर होती, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट ही की, राइड सुरक्षित आहे की नाही हे ठरवण्याचा भार पूर्णपणे त्या मुलांवर नसतो. पार्क उघडण्यापूर्वी पहाटे मेकॅनिक रूळ, चाके, ब्रेक आणि सीटवरचे अडसर तपासून सही करतात. त्यानंतर ऑपरेटर आपली यादी घेऊन तपासणी करतात, रिकाम्या गाड्या फिरवून पाहतात, आणि मगच लोकांना आत घेतात. प्रत्येक राइडचे प्रशिक्षण वेगळे असते. एका राइडवर तयार झालेल्या मुलीला शेजारच्या राइडच्या नियंत्रण पॅनेलला हात लावता येत नाही. तिथली नियमपुस्तिका वाचून, परीक्षा देऊन आणि जुन्या माणसाच्या नजरेखाली काम करून दाखवल्यावरच तिचे नाव त्या राइडवर चढते.

मोठ्या रोलर कोस्टरवर एक मुलगा प्रवेशापाशी उंची मोजतो, एक जण माणसांना रांगांमध्ये वाटून देतो, फलाटाच्या दोन्ही बाजूंना असलेले दोघे-तिघे प्रत्येक सीटपाशी जाऊन सीट बेल्ट ओढून पाहतात आणि मांडीवरचा लॅप बार खाली दाबून पुन्हा वर उचलण्याचा प्रयत्न करतात. आपली बाजू पूर्ण झाली की ते अंगठा वर करून पॅनेलवरच्या माणसाला खूण करतात. माझ्या मुलीच्या राइडवर फलाटावरच्या माणसाने आपले बटण दाबून धरल्याशिवाय पॅनेलवरच्या माणसाचे बटण चालतच नसे, म्हणजे एकट्या माणसाच्या चुकीने गाडी सुटणे शक्यच नव्हते. शिवाय रुळांचे ब्लॉक म्हणजे टप्पे पाडलेले असतात. पुढची गाडी आपला ब्लॉक सोडत नाही तोवर मागच्या गाडीला संगणक त्या ब्लॉकमध्ये शिरू देत नाही. एकाच जागी उभे राहून लक्ष ढळू नये म्हणून मुलांच्या जागा ठरावीक वेळाने बदलत राहतात.

तेव्हा यंत्राची भीती बाळगू नका. खरे कठीण काम माणसांशी आहे. उंची मोजण्याच्या दांडीला एक बोट कमी पडणारे मूल असते, त्याचे वडील तासभर रांगेत उभे राहून आलेले असतात, आणि मागच्या राइडवाल्याने सोडले होते असे ते ठासून सांगतात. अशा वेळी अठरा वर्षांच्या मुलीने आवाज न चढवता नाही म्हणायचे आणि त्या नाहीवर ठाम राहायचे असते. माझ्या मुलीला पहिल्या काही दिवसांत यानेच रडू आले होते, आणि हंगाम संपेपर्यंत ती घरातही आमच्याशी जास्त स्पष्टपणे बोलायला लागली होती. मला विचाराल तर त्या नोकरीतून तिला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

इंजिनिअरिंगच्या दृष्टीने म्हणाल, तर पाना हातात मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवा. दुरुस्ती हे पूर्णपणे मेकॅनिकांचे क्षेत्र आहे. परंतु सेन्सरने गाडी का थांबवली, पॅनेलवर कोणता संकेत आला, मेकॅनिकने येऊन काय पाहिले, हे रोज डोळ्यांसमोर घडते, आणि विचारणाऱ्या मुलीला बरेच मेकॅनिक आनंदाने समजावून सांगतात. दुसऱ्या उन्हाळ्यात परत येणाऱ्या मुलांना बहुधा लीड म्हणजे त्या राइडवरच्या गटाची प्रमुख होण्याची संधी मिळते. सासूबाईंना हे जरूर सांगा.

आता जीवरक्षकाचे. अनेक वॉटर पार्क एलिस अँड असोसिएट्स या संस्थेच्या पद्धतीने प्रशिक्षण देतात. त्यात 10/20 असा नियम आहे : आपल्या वाट्याचे पाणी दहा सेकंदांत नजरेखालून घालायचे, आणि संकटातल्या माणसापर्यंत पुढच्या वीस सेकंदांत पोहोचायचे. हे दिवसभर, उन्हात, पापणी न लववता करायचे असते, आणि पूर्वसूचना न देता तपासणी करणारेही येतात. चांगले पोहता येणे ही फक्त सुरुवात आहे. माझ्या मते राइड्सपेक्षा हे काम अधिक अंगावर येते, पण ज्या मुलांना वैद्यकीय किंवा आपत्कालीन सेवेकडे जायचे आहे त्यांच्यासाठी त्याला तोड नाही. तुमच्या मुलीची ओढ यंत्रांकडे आहे, तेव्हा राइड्सच मागू द्या.

प्रतिसाद, ऑर्लँडोहून

नमस्कार. डिस्ने कॉलेज प्रोग्रॅमबद्दल एवढेच सांगते, की तो मुख्यतः कॉलेजात शिकत असलेल्या आणि नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांसाठी आहे. 1981 पासून तो वेगवेगळ्या स्वरूपांत चालू आहे, महामारीत बंद पडला आणि जून 2021 मध्ये पुन्हा सुरू झाला. मुले फ्लेमिंगो क्रॉसिंग्ज व्हिलेज या वसाहतीत एकत्र राहतात आणि घरभाडे दर आठवड्याच्या पगारातून कापले जाते. काम मात्र तेच असते : राइड्स, खाण्याचे काउंटर, दुकाने, स्वच्छता, जीवरक्षण, पार्किंग. नावात कॉलेज असले तरी तासांवर पगार मिळणारी ही नोकरीच आहे, आणि रात्रीच्या, सुट्टीच्या, सणाच्या शिफ्ट येणारच हे गृहीत धरावे.

कॉलेजमध्ये न गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना डिस्ने आणि युनिव्हर्सल दोन्हीकडे साध्या तासांच्या नोकऱ्या मिळतात. मे 2025 मध्ये युनिव्हर्सलचे एपिक युनिव्हर्स हे नवे पार्क उघडल्यापासून इथे माणसांची गरज वाढली आहे. पण त्यात राहण्याची सोय आपली आपण करावी लागते, आणि ऑर्लँडोत गाडीशिवाय भाड्याच्या घरात राहून हे जमवणे हायस्कूल संपवलेल्या मुलांना फार जड जाते. ज्यांना कॉलेजची फी परवडत नाही, त्यांच्यासाठी डिस्नेची 2018 पासूनची अस्पायर योजना पाहण्यासारखी आहे, कारण त्यात पात्र कर्मचाऱ्यांची ठरावीक विद्यापीठांतली फी कंपनी भरते. तुमच्या मुलीला रटगर्सला प्रवेश मिळालेला आहे. पहिलेच सत्र पुढे ढकलल्यास प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे काय होते, याचे लेखी उत्तर कॉलेजकडून घेतल्याशिवाय मी तरी माझ्या मुलीला हा विचार करू देणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जायला दार उघडेच आहे, आणि तेव्हा ती पात्रही असेल.

प्रतिसाद, न्यू जर्सीहून

प्रोबेशनरी परवान्याची रात्रीची बंदी 11:01 ते पहाटे 5 अशी आहे, परंतु नोकरीसाठी त्यातून सूट मिळते. त्यासाठी मालकाकडून कामाच्या वेळा लिहिलेले पत्र घेऊन ते गाडीत ठेवावे लागते. रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी मनुष्यबळ विभागाकडे ते मागावे, म्हणजे नंतर खोळंबा होत नाही. एकवीस वर्षांखालील प्रोबेशनरी चालकांसाठी नंबर प्लेटवरचे लाल स्टिकर आणि सोबत किती जण बसवायचे यावरची मर्यादा मात्र तशीच राहते, त्यामुळे मैत्रिणींना गाडीत भरून आणण्याचा बेत चालणार नाही.

पगाराबद्दल तुम्ही विचारले नाही, पण सांगून ठेवतो. राज्यातले सर्वसाधारण किमान वेतन 2026 साठी ताशी 15.92 डॉलर आहे, आणि हंगामी व लहान मालकांसाठी 15.23. आपल्याला कोणता दर लागू आहे हे सही करण्यापूर्वी विचारावे. ओव्हरटाइमचेही विचारावे, कारण वर्षातून सात महिन्यांपेक्षा जास्त न चालणाऱ्या करमणूक केंद्रांना संघराज्याच्या कायद्याने दीडपट वेतनातून सूट दिली आहे. तासांची हमी सहसा नसते. पावसाळी आठवड्यात किंवा विजा चमकू लागल्यावर राइड्स बंद पडतात आणि मुलांना लवकर घरी पाठवतात. त्यामुळे या पैशांवर फीचा हिशेब बसवू नये. एका उन्हाळ्याच्या कमाईवर बहुधा संघराज्याचा आयकर लागत नाही, तरी सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून 7.65 टक्के कापले जातातच. मुलगी अठराची असल्याने तिला वर्किंग पेपर्स, म्हणजे अल्पवयीन मुलांना नोकरीसाठी लागणारी परवानगीची कागदपत्रे, लागणार नाहीत. सतरा वर्षांच्या मैत्रिणी असतील तर त्यांना लागतील.

प्रतिसाद, एडिसनहून

याच धाग्यावर विचारल्याबद्दल क्षमस्व. माझा मुलगाही यंदाच हायस्कूल संपवतो आहे आणि तो एच-4 व्हिसावर, म्हणजे इथे एच व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, आहे. त्याला अर्ज करता येईल का? पगाराशिवाय, केवळ अनुभवासाठी करता येईल का?

प्रतिसाद, न्यू जर्सीहून

दादा, एच-4 वरील मुलांना नोकरी करता येत नाही. 2015 पासून एच-4 वर कामाचा परवाना मिळू लागला तो काही जोडीदारांनाच. मुलांना त्यात जागा नाही. तुमच्याबरोबर मुलाचाही ग्रीन कार्डाचा स्वतंत्र आय-485 अर्ज दाखल झालेला असेल, तर त्या आधारावर त्याला कामाचा परवाना मागता येतो. विनापगार काम करण्याच्या फंदात कृपया पडू नका. नफ्यावर चालणाऱ्या कंपनीत फुकट राबणे हे कायद्याने स्वयंसेवा धरले जात नाही, आणि त्याचा त्रास पुढे व्हिसाच्या वेळी मुलालाच होईल. रुग्णालये, ग्रंथालये, अन्नपेढ्या यांसारख्या सेवाभावी ठिकाणची खरी स्वयंसेवा त्याला करता येईल. वकिलाचा सल्ला अवश्य घ्या. इथेच वाढलेल्या, वर्गातल्या सगळ्यांबरोबर अर्ज भरायला निघालेल्या मुलाला हे सांगताना आईवडिलांच्या जिवाला काय होते ते आम्ही घरात अनुभवले आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सत्र पुढे ढकलण्याचा विषय आम्ही बंद केला आहे, आणि मुलीचेही त्यावर समाधान आहे. तिने अर्जात पहिली पसंती राइड्सना आणि दुसरी जीवरक्षकाला दिली. दोन बटणांची आणि ब्लॉकची माहिती मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी लीडचा पगार किती असतो असे विचारले आहे, तेव्हा कोणाला ठाऊक असल्यास सांगावे. एच-4 बद्दल विचारणाऱ्या दादांना व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. आमच्या भागातल्या ग्रंथालयात उन्हाळ्यात मुलांना गणित शिकवायला स्वयंसेवक हवे आहेत.

आता एकच अडचण उरली आहे. मला आठवड्यातून दोन दिवस न्यूयॉर्कला ऑफिसात जावे लागते आणि त्या दिवशी घरात दुसरी गाडी नसते. एडिसन, साउथ ब्रन्सविक किंवा मन्रो भागातून जून ते ऑगस्ट दरम्यान जॅक्सनला कामासाठी कोणाचे मूल जाणार असल्यास, किंवा कोणी पालक त्या दिशेने सकाळी जात असल्यास, कृपया कळवावे. पेट्रोलचा खर्च वाटून घेऊ, आणि रात्री परत आणण्याची जबाबदारी आम्ही घेऊ.