आईचा व्हायरल लोड बाळाच्या तारखांना जोडावा का?

कडूनिंब (धागालेखिका)
एचआयव्ही समुपदेशनाचं काम बरीच वर्षं केलंय, त्यावरून बोलते. गरोदर असेपर्यंत आपण बाईच्या हात धुऊन मागे लागतो आणि बाळंतीण झाली की सैल सोडतो. ३२ ते ३६ आठवड्यांत व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहेत याची तपासणी) होतो, कारण बाळ जास्त जोखमीचं आहे का, त्याला एक औषध द्यायचं की दोन, हे त्यावर ठरतं. पुढे बाळाच्या एचआयव्ही तपासणीचं वेळापत्रक पक्कं: ६ आठवडे, ६ महिने, १२ महिने, १८ महिने. आईचा लोड मात्र तिच्या वार्षिक तारखेला. ती अंगावर पाजत असते, म्हणजे दुधातून बाळाला लागण होण्याचा धोका संपलेला नसतो. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) तर बाळंतपणानंतर ३ महिन्यांनी आणि पुढे पाजणं चालू असेतो दर ६ महिन्यांनी तपासा म्हणते. २०१२ साली ५१ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. नीट गोळ्या घेणाऱ्या गरोदरपणात ७५.७ टक्के, बाळंतपणानंतर ५३. औषधं तेव्हाची जुनी होती, मान्य. पण रात्रीची जागरणं आणि ओली बाळंतीण, यात काय बदललंय?
म्हणणं साधं आहे. बाळाच्या तपासणीला आई येतेच, तेव्हाच तिचंही रक्त घ्या.

माणदेशी
कागदावर छान. रिपोर्ट यायला लागतात आठवडे. आमच्या बीडकडच्या बाया दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. रिपोर्ट इकडे फायलीत, बाई कोल्हापूरकडच्या फडात. नुसतं रक्त काढून कुणाचा लोड कमी झालाय? त्यापेक्षा निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्या.

कडूनिंब
गोळ्या द्याच, त्याला माझा कधीच विरोध नव्हता. पण डब्यातून कमी झालेली गोळी पोटात गेली की मोरीत, हे मोजून कळत नाही. आणि माहेरचं काय? सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, नाव सासरच्या एआरटी सेंटरला, म्हणजे जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे. भावजयीला कळू नये म्हणून बाटली दिलेल्या गोळ्यांसकट ट्रंकेच्या तळाशी. अशा चार-पाच तरी मी पाहिल्यात.

गोळीबंद
औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून एक भर. हल्लीच्या एचआयव्हीच्या गोळीत डोल्युटेग्राविर नावाचं औषध असतं. लोह किंवा कॅल्शियम बरोबर घेतलं की ते नीट शोषलं जात नाही. आणि गरोदर बाईला आपण रोज काय देतो? लोह आणि कॅल्शियमच! एचआयव्हीची गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी, नाहीतर तिन्ही गोळ्या एकत्र, जेवणाबरोबर. हे कुणी सांगितलं नसेल तर बाई इमानेइतबारे गोळ्या घेऊनही लोड वर जाऊ शकतो आणि आपण तिलाच बोल लावतो. बाळंतपणानंतरही लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालूच असतात. म्हणून मी धागालेखिकेच्या बाजूने, पण आधी विचारा, मग तपासा.
 

नाव_नको
मी या औषधांवर आहे. दोन बाळंतपणं झाली, दोन्ही मुलं निगेटिव्ह.
पहिल्या वेळी तारीख चुकली म्हणून केंद्रातून घरच्या नंबरवर फोन आला. सासूबाईंनी उचलला. पुढचं लिहीत नाही. लक्ष ठेवणं म्हणतात ते हेच असेल तर मला नको. बाळ १८ महिन्यांचं झालं, त्याचा शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्यानंतर वर्षभर मला कुणी "तू कशी आहेस" विचारलं नाही. आता तुम्ही माझी तपासणीही बाळाच्याच तारखांना बांधायला निघालात. १८ महिन्यांनंतर मी कुणाची?

माणदेशी
+१. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्या, ताई.

कडूनिंब
फोनबद्दल बोलायला तोंड नाही. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात गुप्तता स्पष्ट लिहिली आहे, २०१८च्या सप्टेंबरपासून तो लागू आहे, आणि चूक आमच्याच लोकांची. बाळाच्या तारखेला बांधते ते सोयीसाठी, फेरी आणि एसटीचं भाडं वाचावं म्हणून. पण तुम्ही म्हणता ते डोक्यात आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. १८ महिन्यांच्या भेटीतच आईची पुढची तारीख वेगळी लिहून द्यायला हवी. तरी पाजत असताना वर्षभर थांबणं मला पटत नाही. तिथे मी हटणार नाही.

नाव_नको
मग घ्या रक्त. रिपोर्ट माझ्याच मोबाईलवर सांगा, दुपारी एक ते तीनमध्ये. तेव्हा घरात सगळे झोपलेले असतात.