मुंबईच्या संजय गांधी नॅशनल पार्कात मातीच्या वाटेवर सायकल चालवू द्यावी का?

गिअर_तिसरा : रविवारी भल्या पहाटे बोरिवली गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सायकल मारली. चढावर दम निघाला, पण मजा आली. फक्त सगळी डांबरावर. माउंटन बाइक घेऊन डांबरावर फिरणं म्हणजे पोहायची चड्डी घालून चौपाटीवर भेळ खाणं. 104 चौरस किलोमीटरचं जंगल आहे. त्यातली तीन-चार किलोमीटरची एकच वाट द्या. पैसे घ्या, संख्या ठरवा, पावसाळ्यात बंद ठेवा. नाहीतर पोरं पार्काला लागून असलेल्या येऊरकडून, आरेतून चोरून शिरतातच.

रातवा : चोर शिरतात म्हणून दारच उघडं टाकायचं? पावसाळ्यात बंद म्हणता, पण रातवा पक्षी उन्हाळ्यातच अंडी घालतो. घरटं नाहीच, पाचोळ्यात उघड्या जमिनीवर दोन अंडी. पक्षी स्वतः पाचोळ्याच्याच रंगाचा, आणि पायाखाली येईपर्यंत हलत नाही. चालणाऱ्याला निदान थांबता येतं. उतारावर सुसाट येणाऱ्याला काय दिसणार, पाचोळाच. बिबट्याही झाडोऱ्यात घुसण्यापेक्षा पायवाटेनंच चालतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला. सायकल आवाज करत नाही. वळणावर दोघं समोरासमोर आले, की दुसऱ्या दिवशी बातमीत दोष बिबट्याचा.

गिअर_तिसरा : कान्हेरीला बस जाते, सुट्टीला जत्रा भरते, वेफर्सची पाकिटं माकडं फाडतात. ते चालतं. सायकलवाला दिसला की सगळ्यांना पर्यावरण आठवतं!

फावडंवाला : मी दोन्ही बाजूंचा शत्रू, म्हणून बोलतो. आरेत एका टेकाडावर मे महिन्यात टायरचा माग पाहिला, बोटभर खोल. उताराच्या नाकासमोर सरळ खाली. ऑगस्टमध्ये गेलो तर त्याची वीतभर खोल पन्हळ झालेली, कडेच्या कारवीची मुळं उघडी. पाण्याला आयता रस्ता मिळाला की ते माती सोडत नाही. वाट उताराला आडवी, नागमोडी काढली, जागोजागी पाणी बाजूला वळवलं, तर टिकते. पण दर उन्हाळ्यात फावडं घेऊन उभं कोण राहणार? इन्स्टावर व्हिडिओ टाकणारे? पार्कातली धुपलेली माती तुळशी-विहार तलावांतही जाते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी शहराच्या हद्दीत हे दोनच. हौस भागवायची तर बंद पडलेल्या दगडखाणी घ्या, ती जमीन आधीच मोडलेली आहे.

गिअर_तिसरा : खाणीत ना सावली ना पाखरू. कोण जाणार तिथे? मला जंगलच हवंय.

रातवा : आलं एकदाचं ओठावर.

पाड्यावरची : तुम्ही सगळे जिला ‘वाट’ म्हणताय, ती आमच्या पाड्यावरून जाते. माझी आजी सुक्या लाकडांची मोळी डोक्यावर घेऊन येत होती. मोळी असली की मान वळवता येत नाही. मागून सायकल आली, घंटी वाजली, आजी दचकली, मोळी खाली. पोरगा उतरला, सॉरी म्हणाला, मोळी परत बांधून डोक्यावर चढवून दिली, खोटं कशाला बोलू. पण आजी चार दिवस त्या बाजूला गेली नाही. आम्हाला घरावरचा पत्रा बदलायचा तर परवानगीसाठी खेपा. तुम्हाला खेळायला वाट हवी तर लगेच चर्चा.

गिअर_तिसरा : ताई, आजींची माफी मागतो. तो मी नव्हतो, तरी. पण तुमच्या अटींवर वाट सुरू झाली तर? गेटवर तुमच्या पाड्यातली मुलं, वाटाडे तेच, पैसेही त्यांनाच.

रातवा : पैशाचं बोलून झालं. अंड्यांचं राहिलं.

पाड्यावरची : पैसे नको कोण म्हणेल? पण सकाळी सहा ते नऊ बायका मोळीला जातात. तेव्हा एकही सायकल नको.

गिअर_तिसरा : अहो, आम्ही तेव्हाच येतो. नऊनंतर ऊन चढतं.