मदत हवी आहे: व्हर्जिनिया बीचला आईला सायकल चालवायची आहे, बाबांना चालायचंय

आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे आले आहेत. पुढच्या महिन्यात चार दिवस अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया बीच या समुद्रकाठच्या शहरात जायचं ठरतंय.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. काठी घेऊन सपाटीवर अर्धा तास चालतात, मग टेकायला जागा लागते. आई ६६ वर्षांची. पंचवीस वर्षं लेडीज सायकलवरून शाळेत शिकवायला जायची. बाबांचं दुखणं सुरू झाल्यापासून तिने स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. परवा जेवताना म्हणाली, "तिथे समुद्राकाठी सायकल मिळते म्हणे?" तेव्हापासून माझ्या डोक्यात तेवढंच आहे.

तिथला बोर्डवॉक, म्हणजे समुद्राकाठचा पायी चालायचा रस्ता, २ऱ्या ते ४०व्या स्ट्रीटपर्यंत, ३ मैल, २८ फूट रुंद आणि सायकलींना शेजारून वेगळा रस्ता, एवढं कळलं. पण आई सायकलवर आणि बाबा पायी असे दोघं एकमेकांना दिसत राहतील का? भाड्याच्या त्या चारचाकी पायडलगाड्यांच्या गर्दीत तिला जमेल का? मुक्कामाला कुठे उतरावं?

प्रतिसाद १:
मी शेजारच्या नॉरफोक शहरात राहते, तिथे नेहमी जाते. दोन्ही रस्ते समांतर आहेत, त्यामुळे दिसत राहतील. नाव बोर्डवॉक असलं तरी फळ्या नाहीत, सपाट काँक्रीट आहे, काठी अडकत नाही. बाकही आहेत. मुक्काम ३१व्या स्ट्रीटच्या पुढे घ्या, त्याहून कमी नंबरच्या स्ट्रीट्सकडे वर्दळ जास्त. ३१व्याला नेपच्यून या समुद्रदेवाचा ३४ फुटी पुतळा आहे, चुकामूक झाली तर तिथे भेटायचं ठरवून ठेवा.

आता काळजीचं. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना हातब्रेक नसतो, पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. आपल्याला उतारावर किंवा थांबताना पायडल मागे फिरवायची सवय असते. माझ्या सासूबाई पहिल्याच फेरीत अशा पडल्या. हातब्रेकची आहे का, आधी विचारा. शिवाय इथे उजवीकडून चालवायचं, आणि आईंचा हात आपोआप डावीकडे वळेल. पहिल्या दिवशी तुम्ही पुढे राहा.

हॉटेलातून बाहेर पडल्यावर आधी सायकलचा रस्ता लागतो, मग बोर्डवॉक. बाबांना तो ओलांडताना दोन्हीकडे बघायला सांगा. सकाळी लवकर जा. पायडलगाड्या कमी असतात आणि सूर्य समुद्रातून वर येताना दिसतो. आपल्या कोकणात तो समुद्रात मावळतो, माझ्या सासूबाईंना त्याचंच अप्रूप वाटलं होतं.

जवळच्या फर्स्ट लँडिंग पार्कमधली केप हेन्री ट्रेल ही जंगलातली वाट सुंदर आहे, पण कच्ची, मुळं वर आलेली. तिथे आईंना चालवू देऊ नका.

धागाकर्ती:
पायडलच्या ब्रेकचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, मनापासून आभार. शेजाऱ्यांकडे तशीच सायकल आहे. शनिवारी शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये आईला घेऊन जातेय. खोली ३५व्या स्ट्रीटजवळ बघते.