राजाबाई टॉवरवर आर्ट डेको चढवलं, तर तो इमारतीचा फोटो उरतो का?

ओव्हलकर (धागाकर्ता)

आमच्या फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनात यंदा एक फोटो 'वास्तू' विभागातून उचलून 'सर्जनशील' विभागात टाकला गेला. फोटो माझा नाही, त्यामुळे जरा मोकळेपणाने भांडतो.

फोटो असा: मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहून एक फ्रेम पूर्वेकडे, म्हणजे राजाबाई टॉवर. मग तिथेच पाठ फिरवून दुसरी फ्रेम पश्चिमेकडे, म्हणजे महर्षी कर्वे रोडवरची आर्ट डेको, म्हणजे 1930 च्या दशकातल्या काँक्रीटच्या शैलीतल्या, इमारतींची रांग. दोन्ही एकमेकींवर चढवून एकच फोटो, म्हणजे मल्टिपल एक्स्पोजर. खिडक्यांवरच्या सिमेंटच्या आडव्या भुवया (छज्जे) आणि त्यांच्यातून वर गेलेला गॉथिक मनोरा. परीक्षकांचा शेरा, "नेमकी कोणती इमारत आहे ते कळत नाही."

अहो, तेच तर दाखवायचं होतं! युनेस्कोने 2018 साली जागतिक वारसा म्हणून जे नोंदवलं ती एकटी इमारत नाही. मैदानाच्या एका अंगाला व्हिक्टोरियन गॉथिक, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको, असा तो जोडसमूह आहे. मैदानात उभं राहिलं की एक रांग डोळ्यांसमोर, दुसरी पाठीमागे. साध्या फोटोत त्या आमनेसामने कधीच येत नाहीत. मग या वारशाचा खरा फोटो कोणता?

एरवीही इमारत आपण एका जागी खिळून, एका क्षणात बघतो कुठे? चालतो, मान वर करतो, मागे वळतो. पेप व्हेंतोसा नावाचा कातालान फोटोग्राफर एखाद्या वस्तूभोवती फेरी मारत फोटो घेतो आणि ते सगळे एकमेकांवर चढवतो. मधला गाभा टिकतो, भोवतालचा परिसर विरघळतो. इमारतीभोवती फिरल्यावर डोक्यात जे उरतं ते साधारण असंच असतं, असं माझं मत. ट्रायपॉडवरचा, शिफ्ट लेन्सने उभ्या रेषा ताठ केलेला 'शुद्ध' फोटो तर कुणाच्याच डोळ्याने पाहिलेला नसतो.

चुनाविटा

ठाम असहमत. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करतो, तेव्हा माझा पूर्वग्रह आधीच सांगून टाकतो. मला फोटोत भेग दिसली पाहिजे. कॉर्निसखाली, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या पट्टीखाली, ओल कुठवर आली आहे, कोणता दगड बदललाय, कोणत्या सांध्यात चुन्याऐवजी सिमेंट भरून ठेवलंय, हे ज्या फोटोत दिसत नाही तो माझ्या लेखी इमारतीचा फोटो नाही. छान चित्र असेल. भिंतीवर लावा.

आणि राजाबाई टॉवरचंच उदाहरण घेतलंत म्हणून सांगतो. त्याचा वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. इंग्लंडमध्ये बसून रेखाचित्रं काढली, आणि 1878 साली इथे 85 मीटरचा मनोरा उभा राहिला. म्हणजे ही वास्तू अक्षरशः रेषांतून जन्मली. त्या रेषाच पुसायच्या आणि वर म्हणायचं की आम्ही वास्तूचा आत्मा पकडला!

धूसर करून इमारत तपासायचीच असेल तर हिरोशी सुगिमोतो बघा. 1997 पासून त्याने आधुनिक वास्तुकलेच्या नामांकित इमारती मुद्दाम फोकसबाहेर टिपल्या. लेन्सचा फोकस अनंताच्याही (सर्वांत दूरच्या खुणेच्याही) पुढे सरकवून, पण एका इमारतीचा एकच फोटो. तपशील गळून पडल्यावर जो आकार तगतो तो चांगल्या इमारतीचा, असा त्यामागचा विचार. ती परीक्षा आहे. तुमच्या या फोटोत कशाची परीक्षा आहे?

रीळसंपलं

दोघेही आजचं असल्यासारखं भांडताय. हॅरी कॅलाहनने 1940 च्या दशकात अमेरिकेत शहरातल्या इमारती आणि रस्ते एकाच निगेटिव्हवर पुन्हापुन्हा टिपले होते. तेव्हा कॅमेऱ्यात फ्रेम एकत्र करायचा वेगळा 'मोड' नव्हता. फिल्म पुढे न ओढता शटर पुन्हा चढवायचं, बस.

कॅमेऱ्यातच करायचं असेल तर आधी हिशेब लागतो. दोन फ्रेम घ्यायच्या तर प्रत्येक एक स्टॉप अंडर, म्हणजे निम्म्या उजेडात, चार घ्यायच्या तर दोन स्टॉप, म्हणजे पाव उजेडात. आणि मुख्य गोष्ट अशी की दुसरी प्रतिमा पहिलीच्या अंधारात बसते. जिथे पहिल्या फ्रेमने फिल्म पांढरीफटक जाळली, तिथे तुम्ही ताजमहाल ठेवलात तरी दिसणार नाही. म्हणून शटर दाबताना पुढच्या फ्रेमच्या सावल्या डोक्यात ठेवाव्या लागतात. तो विचार म्हणजे फोटोग्राफी. घरी येऊन संगणकावर वीस लेअर (थर) टाकायचे आणि ओपॅसिटीची, म्हणजे थर किती पारदर्शक ते ठरवणारी, पट्टी बरं दिसेपर्यंत सरकवत बसायची, त्याला मी फोटोग्राफी म्हणत नाही. क्लबने फोटो कुठे टाकायचा हे त्यावर ठरवावं. कॅमेऱ्यात झाला असेल तर वास्तू, संगणकावर झाला असेल तर सर्जनशील.



ओव्हलकर

@चुनाविटा, स्कॉटचा मुद्दा आवडला, पण तो माझ्या बाजूने पडतो. त्याने रेषा काढल्या, बरोबर. मैदानातून, क्रिकेटच्या आरडाओरड्यात, पन्नासएक वर्षांनी समोर उगवणाऱ्या काँक्रीटच्या रांगेला तोंड देत तो मनोरा कसा दिसेल, हे त्या कागदावर नव्हतं. 1930 च्या दशकात पश्चिमेला इमारती झाल्या आणि टॉवरला शेजार मिळाला. रेखाचित्रात टॉवर एकटा आहे, शहरात तो एकटा नाही. तुमची भेग आणि ओल टिपणारे फोटो हवेतच, त्यावर वाद नाही. ते तपासणीचे फोटो. 'वास्तू' विभाग म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट नव्हे.

@रीळसंपलं काका, कॅमेरा आणि संगणक ही सीमा आता पाळायची कशी? कॅनन फाइव्ह-डी मार्क थ्री या डिजिटल कॅमेऱ्यात 2012 पासून नऊ फ्रेमपर्यंत एकत्र करता येतात, आणि त्या कशा मिसळायच्या तेही मेन्यूतून निवडता येतं. कार्डावरची जुनी रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल पाया म्हणून घेऊन तिच्यावर आजची फ्रेम चढवता येते. कॅमेऱ्याच्या आतही संगणकच आहे.

पाचपाकळ्या

तुम्ही सगळे कसं केलं यावर अडून बसलाय. मला 'का' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन उदाहरणं देते.

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने अनेक दशकं पाण्याच्या टाक्या, गॅसच्या टाक्या, भट्ट्या, उतरत्या छपरांची लाकडी सांगाड्याची घरं टिपली. दरवेळी आभाळ ढगाळ, म्हणजे सावली नको. दरवेळी समोरून, आणि आकार फ्रेममध्ये तेवढाच. मग ते फोटो जाळीसारखे ओळीने मांडायचे, म्हणजे बघणारा आपोआप तुलना करतो. 1990 च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं तेही शिल्पकलेचं! 2004 मध्ये इद्रिस खान या ब्रिटिश कलाकाराने त्यांचेच एकेका प्रकारातले फोटो घेऊन एकमेकांवर रचले. तयार झालं ते कोळशाच्या थरथरत्या रेखाटनासारखं. छपराचा त्रिकोण ठसठशीत राहतो, खिडक्या एकमेकींना खातात. हे जमलं कारण बेखर दांपत्याने शिस्त पाळली होती. ती शिस्त नसती तर नुसता राखाडी चिखल झाला असता.

दुसरं उदाहरण कोरीन व्हिओनेचं. 2005 पासून ती इंटरनेटवरून पर्यटकांनी काढलेले एकाच स्थळाचे ढीगभर फोटो गोळा करून त्यांचे थर रचते आहे. ताजमहालसुद्धा त्यात आहे. बघताना कळतं की सगळे जण त्याच जागी उभे राहतात. चित्र ताजमहालचं, पण विषय आपली सवय.

दोन्हीकडे थर रचण्याला कारण आहे. आता क्लबांमधलं बघा. सीएसएमटी, दहा फ्रेम, प्रत्येक वेळी कॅमेरा थोडा हलवलेला, वर पिवळट टोन, खाली शीर्षक 'स्वप्ननगरी'. कारण विचारा, "फील आला." चुनाविटांचा संताप मला या फोटोंसाठी पूर्ण मान्य आहे. ओव्हलच्या फोटोसाठी नाही. तिथे पाठ फिरवण्याला कारण होतं.

आणि हो, खानच्या बाबतीत एक गोष्ट मला अजून खुपते. मूळ मेहनत बेखर दांपत्याची, चौकटीखाली नाव दुसऱ्याचं. शीर्षकात त्यांचं नाव दिलंय म्हणून तो सुटतो, पण जेमतेम.

चुनाविटा

पाचपाकळ्या, मुद्देसूद. पण मग ओव्हलच्या फोटोतली एक गोष्ट मला कुणीतरी समजावून सांगा. राजाबाईचा मैदानाकडचा चेहरा पश्चिमेला आहे, त्यावर ऊन येतं दुपारनंतर. समोरच्या आर्ट डेकोचा चेहरा पूर्वेला, त्याला ऊन सकाळी. एका उभ्या जागी, एका वेळी, दोघांवर ऊन पडणं शक्यच नाही. फोटोत दोन्ही उजळलेले असतील तर तो सकाळ आणि संध्याकाळ शिवून केला आहे. म्हणजे "मधोमध उभं राहून पाठ फिरवली" ही सगळी गोष्ट लोणकढी.

ओव्हलकर

दोन्ही उजळलेले नाहीत. संध्याकाळचा आहे. टॉवर सोनेरी, आर्ट डेकोची रांग मागच्या उजेडामुळे जवळजवळ काळी, भुवया फक्त कडेकडेने दिसतात.

रीळसंपलं

मग तो साध्या बेरजेच्या पद्धतीने, म्हणजे दोन्ही फ्रेमचा उजेड नुसता मिळवून, झालेला नाही. बेरजेत पश्चिमेचं उजळ आभाळ मनोऱ्याचा वरचा भाग खाऊन टाकेल. टॉवर दिसेल तो फक्त काळ्या इमारतींच्या आत, आणि वरची टोकं गायब. तुम्ही म्हणता मनोरा भुवयांमधून 'वर' गेलाय. तो वर दिसायचा तर 'डार्क' मोड लागतो. त्यात प्रत्येक ठिकाणी दोन फ्रेमपैकी जे जास्त गडद ते टिकतं. सोनेरी झाला तरी दगड त्या आभाळापेक्षा गडदच, म्हणून मनोरा आभाळात उमटतो. पण मग इमारतींच्या काळोखात त्याचा खालचा भाग बुडणार. बुडालाय का?

ओव्हलकर

बुडालाय. टॉवर गच्चीतून उगवल्यासारखा दिसतो.

रीळसंपलं

मग कॅमेऱ्यातच झाला असणार, आणि करणाऱ्याला आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक होतं. माझं मत वास्तू विभागाला.

चुनाविटा

माझं अजूनही नाही. पण तडजोड सुचवतो. अशा प्रत्येक फोटोखाली फ्रेम किती, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला, वेळ काय आणि मिसळण्याचा मोड कोणता, हे लिहिणं क्लबने सक्तीचं करावं. 'स्वप्ननगरी'वाले निम्मे तिथेच गळतील.

पाचपाकळ्या

त्याला +1. फक्त 'का' हा रकानाही ठेवा, आणि त्यात 'फील' हा शब्द चालणार नाही.