मँटिसची कात अडकते, बरणीत नेमकं काय चुकतंय?

शेवंती_सिडको
पेरूच्या झाडावरचं मँटिसचं (पुढचे पाय जोडून बसणारा शिकारी किडा) हिरवं पिल्लू, साधारण ३ सेंमी. लोणच्याची १ लिटरची प्लॅस्टिक बरणी, झाकणाला सुईनं पाडलेली भोकं, तळाला ओला कापूस, मधोमध उभी काडी. रोज एक माशी खातं. कात टाकताना खाली पडलं, पुढचा उजवा पाय वाकडा झालाय. नाशिकच्या कोरड्या एप्रिलमुळे होतंय का? पाय सरळ होईल?

जाळी_आणि_काडी
कोरडी हवा हे एक कारण, पण आधी झाकण बघा. मँटिस छताला उलटं लटकून कात टाकतं. गुळगुळीत प्लॅस्टिकवर नख्या रुतत नाहीत, मग अर्ध्यातच सुटतं. झाकणाचा मधला भाग कापून तिथं आतून मच्छरदाणीचं कापड ताणून चिकटवा. काडी कडेला तिरकी लावा. मधोमध असली की खाली सरकणारं अंग तिच्यावर अडतं. उंची अंगाच्या निदान तिप्पट, रुंदी दुप्पट हवी. आत्ता बरणी पुरेल, ७-८ सेंमीचं झालं की २५ सेंमी उंच डबा लागेल.

कापूस फेकून द्या, बुरशी धरतो. तळाला २ सेंमी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला. संध्याकाळी एका बाजूला दोन फवारे मारा, ते थेंब पितं. सकाळपर्यंत सुकायला हवं. मे संपेपर्यंत दुपारी आणखी एक.

खाणं बंद झालं की काही दिवसांत कात. तेव्हा आतलं भक्ष्य काढून घ्या. रातकिडा तर मऊ अंगच कुरतडतो. कातीनंतर २४ तास काही देऊ नका.

पायाचा वाकडेपणा पुढच्या एक-दोन कातींत बराच कमी होऊ शकतो. पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगल्या की ती शेवटची कात. त्यानंतर राहिलं ते राहिलं.

ओझरचा_नाकतोडा
वरचं सगळं बरोबर, पण माशी कुठली? खरड छाटणीचा हंगाम आहे, द्राक्षबागेच्या आसपासची माशी औषध घेऊनच येते. डासांचं लिक्विड मशीन आणि कॉइल त्या खोलीत अजिबात नको, ते औषध कीटकांसाठीच बनलेलं असतं.

पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्यांकडे मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) मिळतात का बघा. पसरट डब्यात ५ सेंमी गव्हाचा कोंडा, वर गाजराची चकती. ओलं फडकं घालू नका, कोंडा आंबतो. चिमट्यात धरून तोंडासमोर हलवा, मोकळा सोडला तर कोकोपीटमध्ये घुसतो.

शेवंती_सिडको
मशीन त्याच खोलीत आहे, आजच काढते. पोट टम्म दिसतंय, खाणं कमी करू का? नर की मादी कसं कळेल?

जाळी_आणि_काडी
हो, एक दिवसाआड द्या. जड पोटाचं कात टाकताना पडायची शक्यता वाढते. पोटाच्या खालच्या बाजूचे वलय मोजा: मादीला ६, नराला ८. या आकारात भिंगाशिवाय नाही दिसणार. बरणीच्या काचेसारख्या बाजूला चिकटलेलं असताना मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. मादी निघाली तर नराशिवायही अंड्यांची फेसाळ पेटी घालेल, त्यातून बहुतेक वेळा काही निघत नाही.